मडक्यातलं इन्सुलिन

मंजिरी गेली हे मला हंसाबेननं सांगितलं. हंसाबेन म्हणजे आमच्या बिल्डिंगमधली तिसऱ्या मजल्यावरची, मंजिरीच्या समोरच्या दारातली. मी ऑफिसातून येत होते, हातात भाजीची पिशवी, आणि ती गेटपाशीच माझी वाट बघत उभी होती. "सुनंदाबेन, मंजिरी नहीं रही," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. मंजिरी सासरच्या माणसांबरोबर गावी गेली होती, देवीचा होम होता म्हणून. तिकडेच गेली, तिकडेच अग्नी दिला, आणि आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलंसुद्धा होतं... मी तशीच वॉचमनच्या स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर गेल्या आठवड्यात माझं छोटं मडकं ठेवून ती मंडळी गाडीत बसली होती. त्या मडक्याचं पुढे सांगते.

मग सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, सतरंजीवर बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. सेक्रेटरी बोलायला उठले. म्हणाले, "इतक्या वर्षांच्या इंजेक्शनांनी शरीर आतून पोखरून गेलं होतं बिचारीचं." झालं! सगळ्यांच्या माना हलल्या. मी उठले आणि म्हटलं, "इंजेक्शनांनी नाही गेली ती. इंजेक्शन मिळालं नाही म्हणून गेली." बाजूच्या बाईंनी माझा पदर ओढला, "बसा हो सुनंदाताई, ही काय वेळ आहे का?" अहो, मग वेळ कधी असते? तेव्हा माझ्या हातात पुरावा नव्हता, पण मंजिरीला ओळखणाऱ्या माणसाला पुराव्याची गरजही नव्हती. पुरावा नंतर स्वतःच्या पायांनी चालत माझ्या दारात आला. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहावेत. लिहीन की. पण मंजिरीला गोड चालायचं नाही, हे आधी लक्षात घ्या.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही परळची खोली सोडून भाईंदरजवळच्या शांती नगरात आलो. तळमजल्याचा फ्लॅट, स्वस्त पडला म्हणून घेतला. गेटबाहेर चिखल, पाण्याला टँकर, खाडीकडून येणारा खारा वारा आणि त्या वाऱ्यानं गंजणारे खिडक्यांचे गज. आम्ही बौद्ध, मूळचे चिपळूणकडचे. दारावरचं आडनाव वाचून लोकांना काय समजायचं ते समजतंच, वर आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. तेव्हा तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलत नाहीतच. तिसऱ्या मजल्यावर शिरीष आणि त्याची आई राहायला आली. त्यांना सगळे माई म्हणायचे. माई जिन्यात भेटल्या की हसायच्या, "काय, ऑफिसातून का?" म्हणून विचारायच्या. पण एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही की घोटभर पाणी घेतलं नाही. माझ्या प्रज्ञाच्या वाढदिवसाचा केक वर पाठवला की निरोप यायचा, "आज उपास आहे हो माझा." वर्षाचे बारा महिने उपास! देवसुद्धा कंटाळला असेल.

वर्षभरात शिरीषचं लग्न झालं आणि मंजिरी आली. उंच, सावळी, भराभरा चालणारी आणि हसली की जिना दणाणून सोडणारी. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. भाईंदरच्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी तिनं आमची बेल वाजवली. हातात स्टीलची छोटी डबी होती. आत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "ताई, माझं एक औषध आहे. तुमच्या फ्रीजमध्ये ठेवाल?"

"तुमच्या घरी आहे की फ्रीज. मोठा आहे चांगला."

"आमच्या फ्रीजवर माई आहेत," ती म्हणाली. मग डबी उघडून दाखवली. इन्सुलिनची बाटली. कॉलेजात असताना तिला मधुमेह निघाला होता. म्हातारपणी होतो तो नव्हे, लहान वयात होतो तो, ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवणंच थांबवतं. रोज सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन नाही घेतलं तर चार दिवससुद्धा काढता येत नाहीत, असं तिनं मला स्वच्छ सांगितलं. लग्न ठरताना तिनं शिरीषलाही असंच सांगितलं होतं. तो म्हणाला, मला चालेल, फक्त माईंना कळता कामा नये. हिला वाटलं, केवढं मोठं मन! मोठं मन कप्पाळ. बायकोचा जीव ज्या बाटलीवर आहे ती बाटली आईपासून लपवायला लावणाऱ्या माणसाला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, पण तो छापायचा नाही.

मला सगळं पटलं, फक्त एक गोष्ट टोचली. मी विचारलं, "एवढी सगळी बिल्डिंग सोडून आमच्याकडेच का आलीस? माई आमच्याकडे पाय ठेवणार नाहीत म्हणून?" दुसरी कुणी असती तर "छे छे, तसं नाही हो" म्हणाली असती. मंजिरीनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "हो." मला राग आला. खरंच आला. आमचा विटाळ हिच्या औषधाला कुलूप म्हणून कामाला येणार! माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "ताई, मला लाज वाटतेय. पण मला जगायचंय." मी उठले आणि डबी अंड्यांच्या कप्प्यात ठेवली.

तेव्हापासून ती आमचीच झाली. सकाळी कॉलेजला जाताना आणि संध्याकाळी जिना चढण्याआधी आमच्याकडे यायची. सुरुवातीला काचेची सिरिंज होती, ती एका लहान पातेल्यात उकळायची. त्या पातेल्यात मी दुसरं काही केलं नाही कधी. मांडीत सुई टोचताना ती प्रज्ञाशी गप्पा मारायची, म्हणून माझ्या पोरीला इंजेक्शनची भीती म्हणून वाटली नाही. टोचल्यावर थोड्या वेळानं खावं लागतं, म्हणून आमच्याकडेच खायची. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, तिच्या सासरी ज्याचा वास सोसायचा नाही ते सगळं. "ताई, माझी सासू तुमच्याकडे पाणी पीत नाही, आणि मी तुमचं अर्धं जेवण संपवते. हिशेब बरोबर झाला की नाही?" असं म्हणून हसायची. रविवारी प्रज्ञाचा अभ्यास घ्यायचं निमित्त होतं. मग निमित्ताचं खरंच झालं आणि माझी मुलगी सायन्समध्ये पुढे यायला लागली.

तिनं प्रज्ञाला समजावलेलं मी भाकऱ्या थापता थापता ऐकलेलं आहे, म्हणून सांगू शकते. एमएस्सीला तिनं याच विषयावर काम केलं होतं, हॉर्मोन बिघडले की शरीराच्या आतल्या बंदोबस्ताचं काय होतं. पुढे पीएचडी करायची होती, ती लग्नात राहिली ती राहिलीच. ती म्हणायची, "प्रज्ञा, शरीर अन्न जाळतं तेव्हा आपल्याला जोर मिळतो. पण जाळलं की ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या आपल्यालाच पोळतात, डोळ्याला, किडनीला, रक्ताच्या नळ्यांना. म्हणून प्रत्येक पेशीत त्या विझवणारी माणसं नेमलेली असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणायचं. आता माझ्याकडे इन्सुलिन नाही, म्हणून साखर पेशीत न जाता रक्तात साचते. साखर साचली की ठिणग्या वाढतात. आणि वर ती साखर या विझवणाऱ्यांच्याच अंगाला चिकटते, त्यांना धड काम करू देत नाही." प्रज्ञानं विचारलं, थायरॉइडवाल्यांचं काय? "तो हॉर्मोन जास्त झाला की भट्टीच नको तेवढी पेटते. तिथेही ठिणग्या वाढणारच." पोरगी हुशार, लगेच म्हणाली, "मग विझवणारी माणसं बाहेरून आणायची!" मंजिरी म्हणाली, "थोडी मदत मिळते गं बाहेरून. पालेभाजी खा, आवळा खा, पेरू खा. पण मुख्य माणसं शरीर घरीच घडवतं. आणि आग लावणारी साखर तशीच ठेवून नुसत्या बादल्या आणून काय होणार? आधी साखर खाली आणायची. माझ्यासाठी ती आणणारा एकच माणूस आहे, तो तुमच्या फ्रीजमध्ये अंड्यांशेजारी बसलाय." हे वाक्य मी विसरणार नाही. याच गोष्टीवरून पुढे सगळं झालं.

उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जायची ती तासन् तास यायची नाही. पहिल्या वेळी मी घाबरून बर्फाच्या कारखान्याचा पत्ता विचारायला निघाले होते. मंजिरीनं अडवलं. म्हणाली, बर्फात गोठलं तर तेही वाया. तिला दवाखान्यात शिकवलं होतं, एक कोरडं छोटं मडकं घ्यायचं, बाटली आत ठेवायची, बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं आणि मडकं पाण्याच्या परातीत ठेवायचं. फडकं वाळायला लागलं की पुन्हा भिजवायचं. बस्स. मी भाईंदरच्या बाजारातून खास तेवढ्यासाठी एक मडकं आणलं. ओट्याखाली त्याची जागा ठरली. लाइट गेली की घरात जे कुणी असेल त्यानं फडकं भिजवायचं, हा नियम. आमच्या ह्यांनीसुद्धा केलेलं आहे, क्रिकेटची मॅच अर्धवट गेल्याबद्दल एमएसईबीला शिव्या देत देत. एकदाही बाटली खराब झाली नाही.

मंजिरीला मूल झालं नाही. एकदा दिवस गेले होते, ते राहिले नाहीत. माई म्हणाल्या, "अंगात उष्णता फार आहे तिच्या, भराभरा चालते ना." डॉक्टरांकडे जाऊन नीट साखर सांभाळून पुन्हा प्रयत्न करता आला असता, पण त्यासाठी घरी खरं सांगावं लागलं असतं. शिरीष म्हणाला, "बघू पुढे." त्या माणसाचं सगळं आयुष्य 'बघू पुढे'वर चाललेलं होतं.

शेवटी खरं बाहेर आलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मंजिरी संध्याकाळी आमच्याकडे इंजेक्शन घेऊन वर गेली होती, वर जाऊन खाते म्हणाली. पण वर बायका जमल्या होत्या आणि माईंनी सांगितलं, सवाष्णींना वाण दिल्याशिवाय सुनेनं तोंडात काही घालायचं नाही. इंजेक्शन तर अंगात गेलेलं, पोटात अन्न नाही, मग रक्तातली साखर नको तेवढी खाली जाणारच. थोड्या वेळानं हंसाबेनची गॅलरीतून हाक आली, "सुनंदाबेन, जल्दी आओ, मंजिरी गिर गई!" मी साखरेचा डबा उचलला आणि तीन मजले धावत चढले. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. मंजिरी जमिनीवर पडलेली, घामानं चिंब, डोळे भलतीकडेच. मी तिच्या गालाच्या आत साखर चोळली, पुन्हा चोळली, "मंजिरी, गिळ" म्हणत राहिले. मग हळूहळू ती माणसात आली, साखरपाणी प्यायली. आणि तेव्हा माई पहिलं वाक्य बोलल्या. "चपला घालून आत आलात तुम्ही."

घातल्या होत्या चपला. धावताना कुणाला भान असतं? पण तो शब्द त्यांना फार सोयीचा मिळाला. जे बोलता येत नव्हतं ते सगळं त्या चपलांवर भागलं. मी काही बोलणार एवढ्यात मंजिरी भिंतीला टेकून उठून बसली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "माई, मला डायबिटीस आहे. लग्नाच्या आधीपासून. रोज दोन वेळा इंजेक्शन घेते. औषध ताईंच्या घरी असतं, तिथेच घेते." माईंनी आजार ऐकला नाही, इंजेक्शन ऐकलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "त्यांच्या घरी?" हातातलं तिळगुळाचं ताट तसंच धरलेलं होतं, आणि अख्ख्या हळदीकुंकवात मला कुणी एक तीळ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली वर राहायला गेली. डबी मात्र गेली नाही. माईंनी नवी डबी आणली आणि जुनी मंजिरीनं मला परत आणून दिली. खाली मान घालून देत होती. मी म्हटलं, "दे इकडे, मी हिच्यात वेलदोडे ठेवीन." तशी हसली. मला वाटलं, चला, निदान आता उघडपणे जगेल. डोंबल! माईंना आता रोज डोळ्यांसमोर सुई दिसायला लागली. "इंजेक्शनची सवय लागते. एकदा लागली की सुटत नाही." हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. अहो, सवय? श्वासाचीही सवयच लागलेली असते माणसाला, ती सोडून बघा जरा.

आणि मग आल्या त्या कॅप्सूल. शिरीषच्या ऑफिसातले एक साहेब त्या विकायचे. विकायचे म्हणजे, आधी स्वतः घ्यायच्या, मग खाली माणसं जोडायची, त्यांनी आणखी माणसं जोडायची, अशी ती साखळी. शिरीष त्या साखळीत साहेबांच्या खाली अडकला, कारण साहेब खूश राहायला हवेत. एका रविवारी आमच्याच हॉलमध्ये त्यांनी कार्यक्रम ठेवला. टाय लावलेला साहेब, चकचकीत फोल्डर आणि सगळ्यांना फुकट वेफर्स. "आपकी बॉडी में जंग लग रहा है, जंग! लोखंडाला लागतो तसा." काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात आयोडीनचे थेंब टाकले, पाणी तपकिरी झालं. मग एक कॅप्सूल फोडून भुकटी घातली, ढवळलं, आणि पाणी परत स्वच्छ! हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "हा आहे अँटिऑक्सिडंटचा चमत्कार. शुगर, बीपी, थायरॉइड, सगळ्यांचं मूळ एकच. हे सुरू करा, बाकीची औषधं आपोआप सुटतील."

मंजिरी उभी राहिली. "हा प्रयोग मी अकरावीच्या पोरांना लिंबू पिळून दाखवते," ती म्हणाली, "लिंबू बाजारात याच्यापेक्षा स्वस्त आहे." पोरं फिदीफिदी हसली. मग तिनं नीट सांगितलं, जे आमच्या ओट्याशी सांगायची तेच. म्हणाली, अँटिऑक्सिडंट खोटे नाहीत, मी त्यावरच शिकलेय. पण मधुमेहात शरीराचा हा बंदोबस्त ढासळतो तो साखरेमुळे, इन्सुलिन नसल्यामुळे. मूळ सोडून तुम्ही लोकांची औषधं सोडवायला निघालात, माणसं मारायची आहेत का? साहेब हसले. शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच पेशंट आहात ना? इतकी वर्षं इंजेक्शन घेऊन बऱ्या झालात का?"

हे त्यांना कुणी सांगितलं? तिच्याच नवऱ्यानं. तो पहिल्या रांगेत बसून बुटाच्या टोकाकडे बघत होता. हॉलमध्ये हशा पिकला. मंजिरी हसू संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बरी झाले नाही. जिवंत आहे." आणि खाली बसली. त्या दिवशी त्या हॉलमधल्या अर्ध्या लोकांनी कॅप्सूलचे डबे घेतले. त्याच हॉलमध्ये पुढे तिची शोकसभा झाली, आणि त्यातलेच लोक माना हलवत होते.

आमची शेवटची भेट गावी निघायच्या सकाळची. ती घाईघाईत खाली आली, खांद्याला थर्मास. "ताई, होम आहे गावी, आठवडाभर जाऊन येते. बाटली गोठू नये म्हणून कापडात गुंडाळून, बर्फ घालून थर्मासात ठेवलीय. पण गावी फ्रीज नाही. तुमचं मडकं द्या ना." मी ओट्याखालून मडकं काढलं, पुसलं, वर फडकंही दिलं, आमचं ठरलेलं, निळ्या काठाचं. तिनं मडकं लहान मूल घ्यावं तसं कडेवर घेतलं आणि म्हणाली, "परत येईपर्यंत सुकटाची चटणी करून ठेवा." गेटपाशी गाडी उभी होती, मी खिडकीतून बघत होते. माई म्हणाल्या, "हे कशाला? गाडीत फुटेल. गावी काय मडक्यांचा दुष्काळ पडलाय?" आणि त्यांनी मडकं तिच्या हातातून घेऊन वॉचमनच्या स्टुलावर ठेवलं. मंजिरीनं माझ्याकडे बघितलं, खांद्यावरच्या थर्मासवर थाप मारली, म्हणजे हे आहे माझ्याजवळ, काळजी करू नका... आणि गाडीत बसली. वॉचमननं मडकं फडक्यासकट मला आणून दिलं. मी ते ओट्याखाली ठेवलं.

आता पुरावा. शोकसभेनंतर काही दिवसांनी शिरीष आमच्या दारात आला. दाढी वाढलेली. हातात इन्सुलिनची बाटली. "ही आमच्या फ्रीजमध्ये राहिली होती. टाकवत नाही. तुमच्याकडे ठेवायची ना ती, म्हणून..."

"राहिली होती? तिनं तर थर्मासात घातली होती. मला सांगून गेली ती."

तो रडायला लागला आणि रडता रडता सगळं ओकला. निघायच्या आधी मंजिरी साडी बदलायला आत गेली तेव्हा माईंनी आणि त्यानं मिळून बाटली काढून परत फ्रीजमध्ये ठेवली आणि बर्फ ओतून देऊन थर्मासात चहा भरला. साहेब म्हणाले होते, इंजेक्शन बंद केल्याशिवाय कॅप्सूलचा गुण येत नाही. आठवडाभर नुसत्या कॅप्सूल देऊन बघू, असं ठरवलं. कुणी ठरवलं? यांनी! जिच्या अंगावर प्रयोग करायचा तिला सोडून सगळ्यांनी.

"तिला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. इंजेक्शन घ्यायला झाकण उघडलं तर चहा..."

"काय म्हणाली?"

"ओरडली नाही. म्हणाली, शिरीष, मला आत्ताच्या आत्ता तालुक्याला ने, नाहीतर मी मरेन. माई म्हणाल्या, होमाच्या घरात असलं अभद्र बोलू नये."

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. माई म्हणाल्या, पित्त आहे, उपासाचं. ती सगळ्यांच्या पाया पडत होती म्हणे, एसटीला बसवून द्या म्हणून. पूर्णाहुती झाली की जाऊ, असं तिला सांगत राहिले. आपल्या आत काय चाललंय हे त्या अख्ख्या घरात फक्त तिलाच कळत होतं. कुठली आग पेटलीय, कोण ती विझवू शकतं आणि तो कुठल्या फ्रीजमध्ये बसलाय, हे सगळं तिला पाठ होतं, आणि तिचं कुणी ऐकलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेली तेव्हा शुद्ध नव्हती. मूर्खपणा म्हणून सोडून द्या, असं मला परवा एकजण म्हणाले. मूर्खपणा माणसाच्या हातून चुकून होतो. थर्मासात कुणी चुकून चहा भरत नाही.

शिरीष डोळे पुसून म्हणाला, "आणि तसंही गावी फ्रीज नव्हता हो. नेली असती तरी खराबच झाली असती."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मडकं होतं ना! मी दिलं होतं ना मडकं! इतकी वर्षं लाइट जाते इथे, त्या मडक्यानं तुमची बायको जगवली. तुमच्या आईनं ते स्टुलावर ठेवलं. फुटेल म्हणून नाही ठेवलं, शिरीष. कुणाच्या घरचं आहे म्हणून ठेवलं, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही." मी बाटली घेतली आणि म्हटलं, "आत या. बसा. पाणी घ्या." त्यानं उंबऱ्याकडे बघितलं. जिथं त्याची बायको रोज येऊन भाकरी खायची त्या घराच्या उंबऱ्याकडे. "नको," म्हणाला, "माई वाट बघत असतील." आणि जिना चढून गेला.

पोलिसांत जा, असं आमचे हे म्हणाले. गेलो. तिथले साहेब म्हणाले, घटना गावाकडची, आजार जुना, डॉक्टरचा दाखला आहे, तुम्ही नात्यातल्याही नाही. खरंच की. मी कोण? तळमजल्यावरची बाई. कॅप्सूलवाल्या साहेबांचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात शेजारच्या सेक्टरमध्ये आहे, जिन्यात त्याचा कागद चिकटवलाय. प्रज्ञा म्हणाली, आई, आपण जायचं. जाणार आहोत. ती लिंबू घेऊन येणार आहे.

बाटली अंड्यांच्या कप्प्यात ठेवली आहे, जुन्या जागी. आता तिचा कुणाला उपयोग नाही, हे मला कळतंय. पण परवा दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली, आणि मी उठले. ओट्याखालचं मडकं काढलं, परातीत पाणी घेतलं, बाटली आत ठेवली, निळ्या काठाचं फडकं भिजवून गुंडाळलं. प्रज्ञा दारात उभी राहून बघत होती. "आई, आता कुणासाठी?" तिनं विचारलं. फडकं वाळायला लागलं तसं मी ते पुन्हा भिजवलं. मग ती माझ्याजवळ येऊन बसली, पुढच्या वेळी तिनं भिजवलं. लाइट यायला संध्याकाळ झाली. बाटली काढून हातात घेतली तर गार होती.

एवढंच करायचं होतं हो त्यांना. फडकं ओलं ठेवायचं, एवढंच.